व्हायोलिन दिलं, तासाचं काय?

विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाच्या हाती खराखुरा निधी द्यावा आणि जवळपासच्या कलाशिक्षण संस्थांपैकी कुणाला तो द्यायचा हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं, की पहिल्या बैठकीत फळ्यावर उमटणारी यादी जवळजवळ ठरलेली असते. वाद्यं, रंग, कॅनव्हास, नाटकाचे कपडे, नृत्यवर्गासाठी आरसे, मातीकामासाठी भट्टी. यादी चुकीची नसते. त्यातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या वर्गाला हवीच असते. पण त्या यादीत माणूस नसतो. आठवड्यातून दोनदा येऊन शिकवणारी शिक्षिका, तिचा प्रवास, वर्ग भरण्याआधी वाद्यं सुरात लावण्यात जाणारा तिचा वेळ, दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी फोन करून चौकशी करणारा समन्वयक, यांच्यापैकी कुणीच फळ्यावर येत नाही.

वस्तू डोळ्यांना दिसते, तिच्यावर देणाऱ्याचं नाव घालता येतं, तिचा फोटो निघतो. तास होतो आणि संपतो. कलाशिक्षण देणाऱ्या संस्थेचा सगळा जीव मात्र त्या तासातच असतो. विद्यार्थ्यांना देणगी द्यायला शिकवायचं, तर या तासाचं मोल त्यांच्या गळी उतरवणं हे माझ्या मते पहिलं आणि सर्वांत मोठं काम आहे. अर्ज, गुणांकन, भेटी, मतदान हे सगळं त्याभोवती उभं करायचं.

साधा हिशेब मांडून पाहावा. संगीताचा एक वर्ग आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, वर्षातले ३० आठवडे. म्हणजे ६० तास शिकवणं. प्रत्येक तासासाठी अर्धा तास तयारी, अर्धा तास वाद्यं लावणं आणि नंतर आवरणं, एक तास जाण्यायेण्याचा. एका तासामागे तीन तास झाले. वर्षाला १८०. संस्थेच्या माहितीपत्रकात दिसतात ६० आणि शिक्षिकेच्या आयुष्यातून जातात १८०. बऱ्याच लहान संस्था मानधन देतात ते ६० तासांचं, कारण देणगीदारांनी तेवढंच मंजूर केलेलं असतं. मग शिक्षिका एक-दोन वर्षं निभावते आणि चांगलं काम मिळालं की निघून जाते. तिच्या मागोमाग वर्गातली मुलंही गळतात, कारण कला शिकणारं मूल बहुतेक वेळा एका माणसाच्या ओढीनं येत असतं. वाद्यं कपाटात राहतात.

हा हिशेब विद्यार्थ्यांना तयार देऊ नये. चार जणांच्या गटाला एकेका शिक्षकाशी बोलायला पाठवावं आणि आठवड्याचं वेळापत्रक कागदावर उतरवून आणायला सांगावं. आकडे स्वतः गोळा केले की फळ्यावरची यादी आपोआप बदलायला लागते.

विद्यार्थ्यांनी निधी वाटण्याची ही पद्धत काही आजची नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात केलॉग फाउंडेशनने स्थानिक सामुदायिक निधी उभे राहावेत म्हणून मोठी मदत देऊ केली आणि त्यासोबत एक अट घातली: प्रत्येक ठिकाणी निधीचा काही भाग किशोरवयीन मुलांच्या समितीने वाटायचा. २००० च्या सुमारास नॉर्दर्न केंटकी युनिव्हर्सिटीत मेयरसन कुटुंबाच्या फाउंडेशनच्या पैशातून हाच प्रयोग महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत गेला. निरनिराळ्या विषयांचे वर्ग आपल्या विषयाला धरून संस्था निवडू लागले. २००२ मध्ये कॅनडात टोस्कान कासाले फाउंडेशनने शाळांसाठी सुरू केलेल्या उपक्रमात विद्यार्थ्यांचे गट एकेका स्थानिक संस्थेची माहिती काढतात, तिथे भेट देतात आणि इतरांसमोर तिची बाजू मांडतात. ज्या गटाची मांडणी सरस ठरते त्याच्या संस्थेला निधी मिळतो.

या तीन वाटांपैकी तिसरी मला थोडी काळजीची वाटते. तिच्यात उत्साह भरपूर असतो, मुलं जीव ओतून बोलतात. पण सरस बोलणाऱ्या गटाची संस्था जिंकते, आणि संस्थेचं काम व गटाचं वक्तृत्व यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हीच पद्धत वापरायची असेल तर मांडणीला एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन देऊ नये. उरलेले गुण लेखी टिपणाला, हिशेबाच्या वाचनाला आणि भेटीच्या नोंदींना जावेत.

निधी कुठून यावा यावरही मतभेद आहेत. कुणी म्हणतं, बाहेरच्या दात्याने द्यावा. कुणी म्हणतं, विद्यार्थ्यांनीच उभा करावा. दोन्हींची सांगड घालावी असं मला वाटतं. मोठा हिस्सा बाहेरून आणि एक लहान हिस्सा, समजा दहावा, विद्यार्थ्यांनी स्वतः जमवलेला. पैसे मागायला दारात उभं राहिल्याशिवाय मागणाऱ्या संस्थेचा अवघडलेपणा कळत नाही. पण सगळाच निधी मुलांनी जमवायचा ठरवलं तर सगळं सत्र विक्री आणि कार्यक्रम यांतच खर्ची पडतं आणि निवडीचा अभ्यास शेवटच्या पंधरवड्यात उरकावा लागतो.

सत्र साधारण १४ आठवड्यांचं धरलं तर पहिल्या दोनात हेतू आणि निकष ठरावेत, पाचव्यापर्यंत संस्थांची यादी आणि निमंत्रणं, सातव्यापर्यंत हिशेब वाचून चार संस्थांची निवड, दहाव्यापर्यंत भेटी, बाराव्यात निर्णय. उरलेले दोन आठवडे पत्रांसाठी आणि निधी सुपूर्द करण्यासाठी राखून ठेवावेत. ते लागतातच. संस्थेचं बँक खातं एका नावाचं आणि नोंदणी दुसऱ्या नावाची, सही करणारे विश्वस्त परगावी, अशा साध्या कारणांनी पैसे अडकतात. भेटींचे आठवडे ठरवताना संस्थेचं वेळापत्रक आधी मागवावं. वर्गाला सुट्टी असताना गेलेला गट रिकाम्या खुर्च्या पाहून येतो आणि त्यावरून मत बनवतो.

निकष ठरवताना सहा-सातच्या वर जाऊ नये. "समाजावर परिणाम" असा ढगळ निकष ठेवला की प्रत्येक जण त्यात आपल्याला हवं ते भरतो. त्याऐवजी ज्याचं उत्तर तपासता येईल असं विचारावं. मागच्या वर्षी वर्गात आलेल्या मुलांपैकी किती जण या वर्षीही येतात? शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात? शुल्क भरू न शकणाऱ्या मुलासाठी काय सोय आहे, आणि ती मागताना त्याला चारचौघांत कागद दाखवावा लागतो का? आमच्या निधीशिवाय हा वर्ग चालेल का, आणि चालणार असेल तर आमच्या पैशाने नेमकं काय वाढेल?

आता अर्जाबद्दल, कारण चांगल्या हेतूने सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. विद्यार्थ्यांना वाटतं, जितके जास्त प्रश्न तितकी निवड काटेकोर. म्हणून पंधरा पानी अर्ज तयार होतो आणि तो बारा संस्थांना जातो. लहान संस्थेत अर्ज भरणारा वेगळा माणूस नसतो. संचालक किंवा शिक्षिकाच रात्री बसून तो लिहितात. एका अर्जाला १५ तास लागले असं धरलं तर बारा संस्थांचे मिळून १८० तास झाले. वर सांगितलेल्या शिक्षिकेचं एक अख्खं वर्ष. एका संस्थेला निधी मिळेल, अकरा संस्थांचे १६५ तास मातीमोल होतील. निधी लहान असेल तर सगळ्यांनी मिळून खर्ची घातलेल्या वेळाची किंमत त्याहून अधिक भरू शकते. तेव्हा आपण मदत केली की काढून घेतली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा.

उपाय अवघड नाहीत. पहिली चाळणी उघड उपलब्ध असलेल्या माहितीवर विद्यार्थ्यांनीच करावी. वार्षिक अहवाल, नोंदणीची माहिती, संकेतस्थळ. संस्थेकडून काही मागायचं ते फक्त शेवटच्या चौघांकडून. त्यांनाही दोन पानांच्या वर लिहायला लावू नये. दुसऱ्या देणगीदारासाठी लिहिलेला अर्ज त्यांच्याकडे असेल तर तोच चालेल असं स्पष्ट सांगावं. आणि जमलं तर अंतिम फेरीत पोचलेल्या पण निवड न झालेल्या तिघांनाही त्यांच्या वेळाचा मोबदला म्हणून एक लहान रक्कम द्यावी. हे फार कमी ठिकाणी होतं, पण निधीतला विसावा हिस्सा जरी यासाठी बाजूला काढला तरी विद्यार्थ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: समोरच्याचा वेळ फुकट नसतो.

हिशेबाचे कागद हाती आले की बहुतेक विद्यार्थ्यांची नजर आधी प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावर जाते. कमी टक्का म्हणजे चांगली संस्था, ही समजूत इतकी रुजलेली आहे की २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या, तीन अमेरिकी संघटनांनीच देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की या एका आकड्यावरून संस्था जोखू नका. कलाशिक्षणात तर हा टक्का आणखी फसवा ठरतो. एक संस्था समन्वयकाचा पगार प्रशासनात दाखवते, दुसरी तोच पगार कार्यक्रमखर्चात घालते. जागा कुणी फुकट दिली असेल तर भाडं कुठेच दिसत नाही. संचालक स्वतःच शिकवत असेल तर त्याचा अर्धा पगार इकडे, अर्धा तिकडे. काम सारखंच असलेल्या दोन संस्थांचे टक्के म्हणून दुपटीने वेगळे येऊ शकतात.

त्याऐवजी तीन आकडे काढायला शिकवावेत. पहिला, गंगाजळी किती महिने पुरेल? कुठल्याही कामाला बांधून न दिलेली शिल्लक घ्यायची आणि महिन्याच्या सरासरी खर्चाने भागायची. उत्तर एकाहून कमी आलं तर एक देणगी लांबली की मानधन थकणार, हे समजावं. तीन ते सहा आलं तर संस्था श्वास घेऊ शकते. इथे एक चूक हमखास होते: विशिष्ट प्रकल्पासाठी मिळालेले पैसे शिल्लकेत मोजले जातात आणि अडचणीत असलेली संस्था श्रीमंत दिसते. दुसरा आकडा, एकूण उत्पन्नात सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा. निम्म्याहून जास्त असेल तर तो देणगीदार थांबल्यावर काय करणार, हा प्रश्न भेटीत विचारायलाच हवा. तिसरा आकडा म्हणजे एकूण खर्चात शिकवणाऱ्यांच्या वाट्याला येणारा हिस्सा. हा फार कमी दिसला तर पैसा जातो कुठे ते शोधावं. कधी तो वार्षिक सोहळ्यात गेलेला असतो, कधी खरंच जागेच्या भाड्यात.

वस्तू देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पण वस्तू देताना तिच्यामागचे तास आणि दुरुस्ती दोन्ही द्यावी लागते. व्हायोलिनचंच उदाहरण घेऊ. समजा, गटाने ठरवलं की वीस मुलांच्या वर्गाला वीस व्हायोलिनं द्यायची. मुलं आठ वर्षांची, म्हणून सगळी अर्ध्या मापाची घेतली. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतं, आणि मुलाचं माप वयावरून ठरत नाही, डावा हात सरळ पुढे धरून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंतच्या लांबीवरून ठरतं. आठ वर्षांच्या वीस मुलांत तीन-चार जणांना पाव माप लागेल आणि एक-दोघांना पाऊण. जे माप आज बरोबर बसलं ते साधारण दीड-दोन वर्षांत लहान होतं. म्हणजे तिसऱ्या वर्षी वीसपैकी बरीच वाद्यं त्या मुलांच्या उपयोगाची राहत नाहीत, आणि नवी लहान मुलं वर्गात आली नाहीत तर ती पडून राहतात. घ्यायचीच तर मिश्र मापांत घ्यावीत, वीस मुलांमागे चोवीस-पंचवीस, म्हणजे माप बदलायला आणि दुरुस्तीला गेलेल्या वाद्याच्या जागी द्यायला काही हाताशी राहतील.

मग दुरुस्ती. चार तारांपैकी सर्वांत बारीक, वरची तार सर्वांत आधी तुटते. ती जादा ठेवावीच लागते, आणि प्रत्येक मापाची वेगळी. बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, वाजवून झाल्यावर सैल करायची शिस्त नसेल तर त्याची काठी वाकते, त्याचे केस झिजले की ते बदलून घ्यावे लागतात. वाद्याच्या पोटात, ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या घोडीच्या, एका पायाच्या जवळ खाली, लाकडाची एक लहान उभी काडी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने उभी असते. कुणी उत्साहाने चारही तारा एकदम सैल केल्या की ती पडते, आणि ती पुन्हा बाजूच्या वळणदार फटीतून आत घालून योग्य जागी उभी करणं हे कारागिराचं काम आहे. शिक्षिकेला ते बहुधा येत नाही. हवा फार कोरडी किंवा फार दमट झाली की कडेचे सांधे सुटतात. यातलं काहीच मोठं नाही, पण दुरुस्तीसाठी पैसे वेगळे काढलेले नसतील तर वर्षभरात वीसपैकी पाच-सहा वाद्यं कोपऱ्यात जाऊन बसतात. वाद्यांच्या खरेदीच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा दर वर्षी देखभालीसाठी धरावा आणि पहिल्या तीन वर्षांचा तो खर्च देणगीतच घालावा. मग त्याच पैशात वीसऐवजी पंधरा व्हायोलिनं येतील. पंधरा चालू वाद्यं वीसपेक्षा बरी.

घरोघरी पडून असलेली जुनी वाद्यं गोळा करून देण्याची मोहीमही विद्यार्थ्यांना फार आवडते. ती करण्याआधी संस्थेला कोणती मापं, कोणती वाद्यं हवीत याची लेखी यादी घ्यावी आणि दुरुस्तीचा अंदाज आधी काढावा. स्वस्त वाद्याची दुरुस्ती नव्या वाद्यापेक्षा महाग पडणं अगदी नेहमीचं आहे. मोहिमेनंतर न चालणारी वाद्यं विल्हेवाटीसाठी संस्थेच्याच गळ्यात पडतात.

कलाशिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न समितीत कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारायलाही हवा. उत्तर देताना सावध राहावं. १९९३ मध्ये एका छोट्या प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवलं गेलं आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांची कामगिरी थोडा वेळ सुधारली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यातून "संगीत ऐकलं की बुद्धी वाढते" अशी समजूत पसरली, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण पाठवण्यासाठी सरकारी निधी मागितला. वस्तूवर पैसा घालण्याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. शिकवणारं कुणी नाही, शिकणारं कुणी नाही, फक्त एक पाकीट घरोघरी पोचवायचं.

याच्या शेजारी दोन अभ्यास ठेवून पाहावेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले होते: कीबोर्ड, गायन, नाट्य आणि काहीच नाही. वर्षभर शिकल्यानंतर संगीत शिकलेल्या मुलांची बुद्ध्यांकातली वाढ बाकीच्यांपेक्षा सुमारे तीन गुणांनी जास्त निघाली, आणि नाट्य शिकलेली मुलं इतरांशी वागण्यात पुढे गेली. दुसरा अभ्यास ह्यूस्टनमधला. तिथे ४२ शाळांपैकी निम्म्यांना सोडतीने कलाशिक्षणाची जोड मिळाली. कलावंत शाळेत येऊन शिकवत, मुलं प्रयोग पाहायला जात. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत १०,५४८ विद्यार्थ्यांची माहिती होती. शिस्तभंगाच्या तक्रारी ३.६ टक्के बिंदूंनी घटल्या, लेखनाचे गुण वाढले, दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. गणित, वाचन आणि विज्ञानाच्या गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. दोन्ही ठिकाणी पैसा शिकवणाऱ्या माणसांवर आणि मुलांच्या प्रत्यक्ष अनुभवावर लागला होता.

म्हणून निधी देताना संस्थेकडे "मुलांचे गणिताचे गुण किती वाढले" असं विचारू नये. लहान संस्थेला तो आकडा प्रामाणिकपणे देताच येत नाही. हजेरी, गळती, प्रतीक्षायादी, सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं चित्र किंवा ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून केलेली तुलना, एवढं पुरे. एखाद्या संस्थेने फारच मोठे दावे केले तर गुण वाढवण्याआधी एकदा थांबून विचार करावा.

भेटीला तिघांहून जास्त जणांनी जाऊ नये, आणि गेल्यावर वर्गाच्या मागे गप्प बसावं. मुलांना पाहुण्यांसाठी खास काही सादर करायला लावू नका, अशी विनंती आधीच कळवावी. चाळीस मिनिटांच्या वर्गात शिक्षिका किती मुलांना नावाने हाक मारते, चुकलेल्या मुलाकडे किती वेळ थांबते, मागच्या रांगेतल्या मुलांच्या हाती वाद्य येतं की नाही, हे टिपावं. मुलांचे फोटो काढू नयेत. पालकांची लेखी परवानगी असेल तरच संस्थेने दिलेले फोटो वापरावेत. मुलांना त्यांच्या घरच्या परिस्थितीबद्दल काहीही विचारू नये. ज्याला मदत मिळते त्याला ती मिळते म्हणून आपली गरिबी सांगावी लागणं, यासारखं दुखावणारं दुसरं काही नाही, आणि विद्यार्थी हे बहुधा नकळत करून बसतात.

निर्णयाची बैठक सर्वांत अवघड. शेवटच्या चारही संस्था चांगल्या असतात. वाईट असत्या तर इथवर आल्याच नसत्या. आधी प्रत्येकाने एकट्याने, चर्चेपूर्वी, लेखी गुण द्यावेत. नाहीतर पहिला बोलणारा सगळ्यांना आपल्या बाजूला ओढून नेतो. ज्याचं एखाद्या संस्थेशी नातं आहे, स्वतः शिकला असेल, आई शिकवत असेल, त्याने ते सुरुवातीलाच सांगावं आणि त्या संस्थेला गुण देऊ नयेत. मग सरासरी काढावी, पण सरासरीवर थांबू नये. बारा जणांनी एका संस्थेला प्रत्येकी ७ गुण दिले आणि दुसरीला सहा जणांनी १०, सहा जणांनी ४ दिले, तर सरासरी दोन्हीकडे ७ येते. पहिल्या संस्थेबद्दल सगळे सहमत आहेत. दुसरीबद्दल अर्ध्या गटाला काहीतरी दिसलं आहे जे उरलेल्या अर्ध्याला दिसलं नाही. बैठकीचा वेळ या दुसऱ्या प्रकारच्या संस्थेवर घालवावा, १० आणि ४ देणाऱ्यांनी आपापली कारणं समोरासमोर सांगावीत, आणि नंतर सर्वांना गुण बदलायची एक संधी द्यावी.

बैठक लांबली की कुणीतरी सुचवतं, चौघांनाही समान वाटून टाकू. ऐकायला न्याय्य वाटतं, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मी या सुचनेच्या विरोधात ठाम उभा राहीन. चार भाग केले की एकाही भागातून शिक्षिकेचं वर्षभराचं मानधन निघत नाही. चारही ठिकाणी रंग आणि कागद येतात, आणि गाडी पुन्हा पहिल्या यादीवर येऊन थांबते. नकार देण्याचा त्रास टाळण्यासाठी केलेली ही वाटणी आहे. दोन संस्थांमध्ये विभागणी फार तर समजू शकतो, तीही प्रत्येक हिश्श्यातून एक पूर्ण गोष्ट होत असेल तर.

नकाराचं पत्र निर्णयानंतर आठवडाभरात जावं, त्याआधी फोन व्हावा. पत्रात "अनेक उत्तम अर्ज आले होते" एवढंच लिहून सोडू नये. काय आवडलं ते एका वाक्यात, निर्णय कशामुळे दुसरीकडे गेला ते एका वाक्यात, आणि विद्यार्थ्यांनी केलेलं हिशेबाचं विश्लेषण हवं असेल तर पाठवू, असं लिहावं. कित्येक लहान संस्थांना आपली गंगाजळी किती महिने पुरेल हा आकडा असा स्वच्छ कुणी काढून दिलेला नसतो.

निवडलेल्या संस्थेला रक्कम शक्यतो एकाच हप्त्यात, वर्ग सुरू होण्याआधी आणि कामाच्या बंधनाशिवाय द्यावी. "फक्त साहित्यासाठी" अशी अट घातली की शिक्षिकेचं मानधन थकलेलं असतानाही संस्थेला रंगच आणावे लागतात. अट घालावीशी वाटलीच तर ती शिकवण्याच्या तासांसाठी घालावी: अमुक वर्गाचे वर्षभराचे तास, तयारी आणि प्रवासासह. अहवाल एका पानाचा मागावा, सहा महिन्यांनी, आणि त्यात तीनच प्रश्न ठेवावेत. किती तास झाले, कोण शिकवतं आहे, ठरवलेलं काय झालं नाही. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर येण्यासाठी आधीच लिहून द्यावं, की त्या उत्तरामुळे पुढच्या वर्षीच्या निवडीवर परिणाम होणार नाही.

सहा महिन्यांनी अहवाल येईल तेव्हा निधी देणारा वर्ग बहुधा पांगलेला असतो, आणि या उपक्रमांचा सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. म्हणून सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एक फाइल तयार करावी: निकष, चारही संस्थांचे तीन आकडे, भेटीच्या नोंदी, गुणांचे तक्ते, कुणाला काय कळवलं त्याच्या प्रती, अहवाल येण्याची तारीख आणि तो वाचून उत्तर देणाऱ्या दोन जणांची नावं. पुढच्या तुकडीने पहिल्या बैठकीत फळ्याकडे जाण्याआधी ही फाइल वाचावी, आणि मागच्या वर्षीच्या शिक्षिकेला एक फोन करावा, अजून तिथेच शिकवते का ते विचारायला.